लंगडा ठेका

काचेपलीकडून मीनलताईंनी हात वर केला तसे आम्ही तिघेही गाण्याच्या मधेच थांबलो. हेडफोनमध्ये त्यांचा आवाज आला, "बाकी छान आहे. पण तो कुठं गेला?"

"कोण?" बसूनं माईकमध्ये विचारलं.

"तो लंगडा ठेका. ज्याच्यासाठी तुम्हाला इचलकरंजीहून बोलावलं, तो."

बसूनं वळून माझ्याकडं बघितलं. अल्ताफनंही बघितलं. मी ड्रमच्या मागं बसलो होतो आणि माझ्या मागं फक्त भिंत होती, त्यामुळं मला वळून बघायला कुणी उरलं नव्हतं.

"तोच वाजवतोय की," मी म्हणालो.

"नाही हो. हे सरळ आहे. अगदी व्यवस्थित, सरळ. सरळ वाजवणारे मला पुण्यात पैशाला पासरी मिळतात." त्या चिडल्या नव्हत्या, हेच जास्त लागलं. "पुन्हा घेऊ या?"

पुन्हा घेतलं. पुन्हा सरळ. मग मी मुद्दाम लंगडायला लागलो, तर बसूचं गाणंच ठेचकाळलं. मला काही कळेना. हात माझे, पाय माझे, काठ्या माझ्या, आणि ठेका म्हणाल तर गायब. घरात ठेवलेली किल्ली रोजच्या खुंटीवर नसावी तसं झालं. माणूस पुन्हा पुन्हा त्याच खुंटीला हात लावून बघतो.

आमच्या बँडचं नाव 'धोटा'. मागावर ताण्याच्या धाग्यांमधून इकडून तिकडं पळत कापड विणतो तो लाकडी धोटा. इचलकरंजीत जन्मलेल्या पोरांनी दुसरं काय नाव ठेवायचं! बसवराज म्हेत्रे, म्हणजे बसू, गाणी लिहायचा, गायचा, गिटार वाजवायचा आणि उरलेल्या वेळात आमच्यावर डाफरायचा. अल्ताफ मोमीन बेस गिटार वाजवायचा आणि फारसं बोलायचा नाही. मी सुकुमार चौगुले, ड्रमवाला. आमच्या जैनांच्या घरी दिवस मावळायच्या आत जेवण व्हायचं, त्यामुळं बँडची प्रॅक्टिस कायम माझ्या ताटापाशी येऊन अडायची. बसू म्हणायचा, "जगात कुठल्या बँडचा ड्रमर आई हाक मारायला लागली म्हणून उठून जात नसंल."

प्रॅक्टिस व्हायची अल्ताफच्या वडिलांच्या, म्हणजे चाचांच्या, कारखान्यात. कारखाना म्हणजे पत्र्याच्या शेडमध्ये रांगेनं मांडलेले साधे माग. शेडच्या मागं सुताची पोती ठेवायची खोली होती, ती चाचांनी आम्हाला दिली होती. चाचांचं आमच्या संगीताबद्दलचं मत साफ होतं. "मांजरांचं भांडण परवडलं," म्हणायचे, "पण पोरं कुठं बाहेर वाया जाण्यापेक्षा डोळ्यासमोर वाया गेलेली बरी."

भिंतीपलीकडं माग आणि अलीकडं आम्ही. त्या खडखडाटाला आम्ही रोज शिव्या घालायचो. भिंतीला पोती टेकवली, गोणपाट लावले, एकदा तर बसूनं घरून जुनी गादी आणून ठोकली. काही उपयोग झाला नाही. तो आवाज कानातून यायचाच नाही, जमिनीतून यायचा आणि माझ्या स्टुलातून वर चढायचा.

त्या खोलीत अल्ताफच्या भावानं मोबाईलवर आमचा एक व्हिडिओ काढला. 'पाणी चढतंय' हे पंचगंगेच्या पुरावरचं बसूचं गाणं. आवाज सगळा फाटलेला, पण तो व्हिडिओ लोकांनी उचलून धरला आणि त्यातही धरला तो माझा ठेका. एका पायात चप्पल आणि दुसरा पाय अनवाणी अशी चाल असते ना, तसा तो होता. पहिला ठोका वेळेवर, दुसरा जरासा रेंगाळून आणि जड. खाली लोकांनी लिहिलं होतं, 'ड्रमर नाद खुळा.' जयसिंगपूरच्या कॉलेजात कार्यक्रम झाला तेव्हा तिथला एक ड्रमवाला पोरगा मुद्दाम मला भेटायला आला. म्हणाला, "दादा, हे शिकवा की." मी मान हलवून म्हणालो, "शिकवून येत नाही भावा ते. आतून यायला लागतं." आतून! आता आठवलं की हसू येतं, पण त्या दिवशी मी जमिनीच्या चार बोटं वरून चाललो होतो.

मग मंदी आली. सूत महाग झालं, कापडाला उठाव नाही. एकामागून एक कारखाने बंद पडायला लागले. दिवाळीनंतर चाचांनीही शेडला कुलूप लावलं. आमची खोली तेवढी उघडी राहिली. पहिल्या दिवशी तिथं बसलो तेव्हा खोली इतकी शांत होती की बसूच्या गिटारीची तार पिळताना होणारी किरकिरही ऐकू आली. बसू म्हणाला, "एकदाचे गप्प झाले! आता कळंल आपण काय वाजवतोय ते."

अल्ताफच्या घरचंच बंद पडलं होतं. बसूला ते उशिरा सुचलं आणि मग त्यानं उगीच अल्ताफच्या पाठीवर थाप मारली.

मीनलताई लहान गावांतल्या बँडची गाणी जमवत होत्या. त्यांचा स्वतःचा स्टुडिओ होता, कान पक्का होता, आणि तो व्हिडिओ त्यांनी पाहिला होता. त्यांच्या संग्रहात आपलं गाणं येणं म्हणजे काय ते आम्हाला ठाऊक होतं. गणपतीत आणि गॅदरिंगमध्ये वाजवणारी आमच्यासारखी पोरं तिथपर्यंत पोचत नव्हती. बसूनं तर घरी सांगून ठेवलं होतं की यातनं काही झालं नाही तर मामाच्या मेडिकलमध्ये उभा राहीन.

दुपारी मीनलताई आत आल्या आणि माझ्यासमोर खुर्ची ओढून बसल्या.

"थकलाय का?"

"नाही."

"व्हिडिओत तुम्हीच वाजवलंय ना?"

हा प्रश्न कुणी मला वर्षभरापूर्वी विचारला असता तर मी काठी फेकून मारली असती. त्या दिवशी मी खाली बघून म्हणालो, "मीच."

"मग सापडेल. पुढच्या महिन्यात माझ्याकडे एक दिवस मोकळा आहे. ठेका सापडला तर या. नाही सापडला तर..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. पुण्याची माणसं वाक्य अर्धं सोडतात तेव्हा उरलेलं आपण समजून घ्यायचं असतं.

परत येताना टेम्पोत मागं ड्रम आणि पुढं आम्ही तिघं दाटीवाटीनं. टेम्पो कात्रजचा घाट उतरला. मग बसूनं सुरुवात केली.

"सुक्या, खरं सांग. घाबरला होतास काय?"

"नाही रे."

"मग हाताला काय झालंय? दुखतोय?"

"नाही म्हटलं की!"

"आरं मग काय चोरीला गेला काय ठेका? पोलिसात जाऊया?"

"मला माहीत असतं तर तुझी वाट बघत बसलो असतो काय? तुझंच काहीतरी बदललंय. तू आता पहिल्यासारखा आरडत नाहीस. हळू आवाजात गातोस, लाडात आल्यागत."

"म्हणजे माझं चुकलं? वा!" बसू अल्ताफकडं वळला. "तू तरी बोल की. का तू पण सरळच झालायस?"

अल्ताफ गाडी चालवत होता. तो म्हणाला, "मला झोप नाही बघ. कारखाना बंद झाल्यापासनं झोपच येत नाही. आई म्हणते, लहानपणी पण मी असाच होतो. माग बंद पडला की पाळण्यात जागा व्हायचो."

"आरं, मी ठेक्याचं विचारतोय," बसू वैतागला, "आणि तू पाळण्याचं सांगायलास."

उत्तर त्या टेम्पोत आमच्या मांडीवर येऊन बसलं होतं. आम्ही ते खाली उतरवून भांडत राहिलो.

पुढचे दिवस मी वेड्यासारखे घालवले. पूर्वी मी खोलीत अनवाणी वाजवायचो, म्हणून अनवाणी बसलो. जुन्या, टोकं झिजलेल्या काठ्या शोधून काढल्या. स्टूल पहिल्यासारखं भिंतीला टेकवलं. बसूनं काढून टाकलेली गादीसुद्धा पुन्हा ठोकली. तो व्हिडिओ लावून त्याच्याबरोबर वाजवायला बसायचो, पण त्या फाटक्या खडखडाटात माझाच ठोका मला नीट ऐकू यायचा नाही, आणि जिथं यायचा तिथं ऐकताना पटायचा आणि वाजवताना निसटायचा. ओठावर आलेलं नाव आठवू नये तसं.

आईला कुठूनतरी कळलं. तिनं मीठमोहऱ्या घेऊन माझ्यावरनं ओवाळल्या आणि चुलीत टाकल्या. "एवढी माणसं बघत्यात ते मोबाईलमध्ये, दृष्ट लागणार न्हाई तर काय," ती म्हणाली. मी चिडलो नाही. खरं सांगायचं तर त्या दिवशी संध्याकाळी मी हळूच खोलीत जाऊन बघितलंही, दृष्ट उतरली का ते. नव्हती उतरली.

पण खरी भीती निराळी होती. मला वाटायला लागलं की मी कधीच ड्रमवाला नव्हतो. ते जे होतं ते कसं आलं मला माहीत नव्हतं, म्हणून ते कसं गेलं तेही माहीत नव्हतं. ज्या गोष्टीवर मी चार बोटं वरून चालत होतो ती गोष्ट माझी होती की नव्हती, एवढंही मला सांगता येईना. घरच्या दुकानात गल्ल्यावर बसलो की बोटं काउंटरवर ठोके मारायची आणि सगळे ठोके सरळ पडायचे.

एक दिवस बसू दुकानात आला. गिऱ्हाईक जाईपर्यंत बिस्किटाच्या बरण्यांकडं बघत उभा राहिला. त्यावरनंच मी ओळखलं.

"कोल्हापुरात एक पोरगा आहे," तो म्हणाला. "विरेन म्हणून. व्हिडिओ ऐकून त्यानं ठेका बसवलाय. अगदी तसाच नाही, पण जवळपास."

"बरं."

"पुण्याच्या दिवसापुरतंच, सुक्या. एका गाण्यापुरतं."

"माझाच ठेका, आणि वाजवणार दुसरा?"

"तू वाजवणार असलास तर मी कशाला जातोय त्याच्याकडं?" बसूचा आवाज चढला आणि मग लगेच बसला. "मला मेडिकलमध्ये उभं राहायचं नाही रे. खोकल्याची औषधं द्यायची नाहीत मला."

मी त्याला एक पेपरमिंट दिलं. त्यानं घेतलं. तो गेल्यावर मी शटर अर्धं ओढून आत बसलो आणि रडलो. वडील घरातून ओरडले, "दुकान का बंद केलंस?" मी म्हणालो, "ऊन येतंय."

दुसऱ्या आठवड्यात अल्ताफचा फोन आला. "ड्रम घेऊन जा, सुक्या. खोली रिकामी करायला लागणार. अब्बा माग काढायलेत."

"सगळे?"

"बरेच भंगारात गेले काल. आठ-दहा उरलेत. विट्याकडचे एक माने म्हणून आहेत, ते त्यातले चार चालू स्थितीत घेणार आहेत. आज चालवून बघायला आलेत."

मी सकाळी गेलो. शेडची मोठी दारं उघडी होती, आणि जिथं रांगा होत्या तिथं जमिनीवर नुसते तेलाचे काळे चौकोन राहिले होते. चाचा आणि ते माने पलीकडं उभे होते. मला त्यांच्याकडं जाववलं नाही. मी मागच्या खोलीत गेलो आणि ड्रम सोडायला लागलो. झांजा काढल्या, छोटे ड्रम काढले. मोठा ड्रम आणि त्याचं पायाचं पेडल तेवढं राहिलं होतं. दमलो म्हणून जरा स्टुलावर टेकलो, पाठ भिंतीला लावली.

आणि पलीकडं एक माग सुरू झाला.

किती महिन्यांनी तो आवाज आला! मी तसाच बसून राहिलो. थोड्या वेळानं माझ्या लक्षात आलं की माझा उजवा पाय हलतोय. पेडलवर. मोठा ड्रम वाजतोय. आणि तो लंगडतोय.

पहिला ठोका वेळेवर, दुसरा रेंगाळून, जड.

"आला!" मी ओरडलो. "अल्ताफ! आला, आला!"

अल्ताफ पोतं टाकून धावत आला. मी सोडलेल्या काठ्या पुन्हा उचलल्या, हाताला लागलेल्या रिकाम्या डब्यावर मारायला लागलो. हातही लंगडत होते. अगदी व्हिडिओतल्यासारखे. अल्ताफ दारात उभा राहून हसायला लागला. "आयला! सुक्या! बसूला फोन लावतो!"

तेवढ्यात माग थांबला.

माझा पाय दोन-तीन ठोके चालला, अडखळला, आणि सरळ झाला.

अल्ताफचं हसू अर्धं राहिलं. मी पाय थांबवून पुन्हा सुरू केला. सरळ. आम्ही एकमेकांकडं बघितलं. तोपर्यंत पलीकडं माग पुन्हा चालू झाला, आणि मी काही न करता, मी शपथेवर सांगतो की काहीही न करता, माझा पाय पुन्हा लंगडायला लागला.

अल्ताफनं हळूहळू मान वळवून भिंतीकडं बघितलं. भिंतीवर बसूची गादी ठोकलेली होती.

"चार नंबर," तो म्हणाला. "भिंतीला लागून असलेला. सुक्या... चार नंबर वाजवतोय."

मी उठून पळालो. खोलीतून शेडमध्ये. चार नंबरचा माग चालू होता, आणि त्याच्यापाशी उभं राहिल्यावर सगळं नुसत्या डोळ्यांनी दिसत होतं. डावीकडून धोटा सुटला की खट्. उजवीकडून परत येताना तो जरा उशिरा सुटायचा आणि जोरात आपटायचा. खटाक्. खट्, खटाक्. माझा ठेका. माझं आतून आलेलं. ज्याला मी रोज शिव्या घातल्या आणि गादी ठोकून गप्प करायला बघितलं, तो तिथं तेलानं माखून बडवत बसला होता.

माने म्हणाले, "मोमीनशेठ, हा लंगडतोय की ओ."

"उजवा पट्टा सैल झालाय," चाचा म्हणाले. धोट्याला फेकणारा जो दांडा असतो त्याचा चामड्याचा पट्टा. "कित्येक वर्षं करीन करीन म्हणत राहूनच गेलं. थांबा, आत्ता करून देतो."

त्यांनी माग थांबवला आणि खिशातून पाना काढला.

"चाचा, नको!"

माझा आवाज इतका मोठा आला की माने दोन पावलं मागं सरले. चाचांनी पाना तसाच धरून माझ्याकडं बघितलं. "काय झालं, बेटा?"

काय सांगणार? तो बिघाड माझा आहे म्हणून? तो गेला तर मी कोण उरतो मला माहीत नाही म्हणून? मी म्हणालो, "तसाच राहू द्या की. चाललाय की तो."

"गिऱ्हाईकाला बिघडलेला माग देऊ?" चाचा हसले, पण त्यांचे डोळे हसत नव्हते. त्यांनी मागाच्या लाकडी पट्टीवरून हात फिरवला. "पोरगी सासरी पाठवताना वेणीफणी करूनच पाठवायची असते."

ज्या माणसाचा अख्खा कारखाना उठत होता त्याच्याकडं मी माझा ठेका मागत होतो. मी बाजूला झालो. चाचांनी पट्टा ओढला, पाना दोनदा फिरवला, माग चालू केला. खट्, खट्, खट्, खट्. घड्याळासारखा. माने खूश झाले. मी तिथंच, तेलाच्या काळ्या चौकोनावर, मटकन खाली बसलो.

संध्याकाळी चहाच्या गाड्यावर आम्ही बसूला सगळं सांगितलं. त्याला आधी पटेना, मग तो हसायला लागला, इतका की चहा नाकातून आला.

"म्हणजे ते 'ड्रमर नाद खुळा' लिहिलंय लोकांनी, ते मागाला? आपण तीन माणसांचा बँड समजत होतो, ते चार जण होतो?"

मग त्यानं नाक पुसलं. "म्हणजे मी पण त्याच्यावरच गात होतो. म्हणून मला ओरडायला लागायचं. म्हणून आता माझं गाणं लाडात आल्यागत वाटतंय." त्यानं ग्लास खाली ठेवला. "मग आता काय? विट्याला जाऊन माग उचलून आणायचा?"

"पट्टा घट्ट झालाय," मी म्हणालो. "आता तो पण सरळच आहे. जगात कुठंच नाही तो ठेका."

अल्ताफ बाकड्यावर बसला होता. त्याच्याकडं कुणाचं लक्ष नव्हतं. त्याची मूठ बाकड्याच्या लाकडावर आपटत होती. आधी मला वाटलं तो रागानं आपटतोय.

खट्, खटाक्. खट्, खटाक्.

"अल्ताफ," मी म्हणालो.

"काय?"

"थांबू नको!"

त्यानं खाली बघितलं आणि स्वतःच्याच मुठीला दचकला. थांबलाही. "काय करायलो होतो मी?"

"तू जन्मल्यापासनं त्याच्याशेजारी झोपलायस," मी म्हणालो. मला त्या क्षणी त्याला मिठी मारावीशी वाटली, आणि मी मारलीही, चहावाल्यासमोर. "तो माग तुझ्यात आहे, गाढवा. विट्याला गेलेला नाही."

पुण्यात मीनलताईंनी विचारलं, "मिळाला?"

"मिळाला," बसू म्हणाला. "पण त्याला बसायला एक लाकडी खोकं लागंल."

त्यांनी कुठलंतरी सामानाचं रिकामं खोकं आणून दिलं. अल्ताफनं बेस बाजूला ठेवला. तो नंतर वाजवायचं ठरलं. माझ्या मागं, माझ्या पाठीला पाठ लावून, तो त्या खोक्यावर बसला आणि दोन्ही मुठींनी मारायला लागला. डावी वेळेवर, उजवी उशिरा. त्याच्या पाठीतून तो ठोका माझ्या पाठीत आला, जसा भिंतीतून यायचा. माझा पाय आपोआप चालू झाला. मी डोळे मिटले. बसूनं तोंड उघडलं आणि ओरडला, पहिल्यासारखा, कारखान्यावर ओरडल्यासारखा.

काचेपलीकडं मीनलताईंनी या वेळी हात वर केला नाही. गाणं संपल्यावर बऱ्याच वेळानं हेडफोनमध्ये आवाज आला, "कुठं होता हा?"

"भिंतीपलीकडं," मी म्हणालो. त्यांना काही कळलं नाही. कुणालाच कळलं नसतं.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. 'धोटा' अजून आहे, कधी असतो, कधी नसतो. बसू मेडिकलमध्येही उभा राहतो आणि गातोही. मी अजून लंगडतो आणि कुणी विचारलं तर आतून येतं असं म्हणत नाही. माझ्या पाठीमागनं येतं म्हणतो.

पण मला सांगायचं होतं ते नंतरचं. गाणं पुरं होऊन हातात आलं त्या दिवशी अल्ताफ मला शेडला लागूनच असलेल्या त्याच्या घरी घेऊन गेला. शेड तेव्हा दुसऱ्या कुणीतरी पोती ठेवायला भाड्यानं घेतली होती, पण तोपर्यंत पोती आली नव्हती. शेड रिकामीच होती. चाचा पुढच्या ओट्यावर बशीत ओतून चहा पीत होते. अल्ताफनं त्यांना काही सांगितलं नाही. आत गेला आणि घरातल्या मोठ्या स्पीकरवर गाणं लावलं.

गाण्याच्या सुरुवातीला गिटार नाही, बसूचा आवाज नाही. नुसता अल्ताफ आणि मी.

चाचांनी बशी खाली ठेवली. चहा सांडला. ते उठले, चप्पल न घालता, आणि तडक शेडकडं चालायला लागले. चालता चालता कुणालातरी ओरडून म्हणाले, "चार नंबरवर कोण आहे रे? पट्टा बघायला पाहिजे त्याचा!"

शेडचं दार त्यांनी ढकललं. आत काही नव्हतं. जमिनीवर तेलाचे चौकोन तेवढे होते. ते दारात उभे राहिले, कडीवर हात ठेवून, आणि मागं गाणं वाजत राहिलं. अल्ताफ घाईनं स्पीकरकडं गेला.

"अब्बा, आमचं गाणं आहे. बंद करतो."

चाचांनी मागं न बघता हात वर केला. तो खाली आला नाही, म्हणून अल्ताफ थांबला. मी त्यांच्याजवळ जाऊन उभा राहिलो. कितीतरी वेळ आम्ही दोघं त्या रिकाम्या शेडकडं बघत ऐकत होतो. मग मला राहवलं नाही.

"चाचा," मी म्हणालो, "पट्टा घट्ट करायचा काय?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं. त्यांना किती कळलं ते मला आजही ठाऊक नाही. त्यांनी शेडचं दार हळूच ओढून घेतलं.

"नको," ते म्हणाले. "राहू दे तसाच."